न थकणारा चुंबक

बंद पडलेला कॉम्प्युटर भंगारात जातो, तेव्हा त्यातली एक वस्तू अजिबात बंद पडलेली नसते. पॉवर सप्लाय जळालेला असतो, प्रोसेसर कुणी फुकट घेणार नाही इतका जुना झालेला असतो, हार्ड डिस्कची तबकडी शेवटचं करकरून कायमची थांबलेली असते. पण त्याच डिस्कच्या कोपऱ्यात, डेटा वाचणारा हात मागेपुढे हलवण्यासाठी बसवलेले दोन कमानदार, चकचकीत तुकडे असतात. कारखान्यातून निघताना ते जेवढ्या जोराने लोखंडाला ओढत होते, जवळपास तेवढ्याच जोराने आजही ओढतात. जोडी समोरासमोर आणताना मध्ये बोट सापडलं, तर चांगलंच कळवळायला होतं. आणि वजन? फार तर दहा-वीस ग्रॅम.

हा निओडिमियम चुंबक. मोबाइलच्या स्पीकरमध्ये तो असतो, इअरफोनमध्ये असतो, इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरमध्ये असतो. इलेक्ट्रिक मोटारीला तो एक-दोन किलो लागतो, तर समुद्रात उभ्या केलेल्या बिनगिअरच्या पवनचक्कीला दर मेगावॉटमागे सुमारे सहाशे किलो. फ्रिजच्या दारावर आपण चिकटवतो तो काळपट चुंबक वेगळा. तो फेराइटचा, स्वस्तातला. निओडिमियमचा चुंबक त्याच्या साधारण दहापट शक्तीचा असतो.

ही शक्ती येते कुठून, हे पाहायचं तर स्फटिकाच्या आत उतरावं लागतं. ज्या छोट्यात छोट्या घडणीची पुनरावृत्ती होत होत हा स्फटिक बनतो, तिच्यात ६८ अणू असतात. त्यांतले ५६ लोखंडाचे, ८ निओडिमियमचे आणि ४ बोरॉनचे. लोखंडाचा प्रत्येक अणू स्वतःच एक इवलासा चुंबक असतो. पण साध्या लोखंडात या अणूंची तोंडं सहज फिरतात. म्हणून खिळा चुंबकाजवळ असेपर्यंत चुंबकासारखा वागतो आणि लांब नेला की सगळं विसरतो. निओडिमियम हे विसरणं थांबवतं. त्याच्या आतल्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांचा ढग गोल नसतो, चपटा असतो. आजूबाजूच्या अणूंच्या विद्युत क्षेत्रात तो एकाच दिशेने नीट बसतो, आणि एकदा बसला की तिथून त्याला वळवायला भरपूर ऊर्जा लागते. तो वळत नाही, म्हणून शेजारच्या लोखंडालाही वळता येत नाही. आठ जण छपन्नांना एका रांगेत उभं ठेवतात, आणि बोरॉन ती सगळी रचना सावरून धरतं.

ही रांग टिकवायला काहीही खर्च होत नाही. इंधन लागत नाही, झीज होत नाही. तीनशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापवलं, गंजू दिलं किंवा फार मोठ्या उलट्या क्षेत्रात ठेवलं, तरच ती विस्कटते. आणि विस्कटली तरी निओडिमियमचा एकही अणू कमी झालेला नसतो. पेट्रोल जळून संपतं तसं इथे काही संपतच नाही. म्हणजे आजवर बनलेल्या अशा प्रत्येक चुंबकातलं निओडिमियम या घडीला पृथ्वीवर कुठे ना कुठे शिल्लक आहे. प्रश्न फक्त कुठे, हा आहे.

या चुंबकाचा जन्मच टंचाईतून झाला. १९७० च्या दशकात सर्वांत जोरदार चुंबक समॅरियम आणि कोबाल्टचे असत. १९७८ मध्ये झाईरच्या, म्हणजे आजच्या काँगोच्या, शाबा प्रांतात बंडखोर घुसले, तिथल्या खाणींचा पुरवठा विस्कळीत झाला आणि कोबाल्टचे भाव भडकले. कोबाल्टऐवजी स्वस्त लोखंड वापरता येईल का, याचा शोध जपानमध्ये आणि अमेरिकेत जोरात सुरू झाला. जपानचे मासातो सागावा फुजित्सू कंपनीत यावर विचार करत होते. तिथे वाव मिळेना, म्हणून १९८२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली, सुमितोमो स्पेशल मेटल्समध्ये गेले आणि तिथे हा चुंबक बनवून दाखवला. त्याच सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्सचे जॉन क्रोट वेगळ्या वाटेने त्याच संयुगापर्यंत पोहोचले. १९८३ च्या नोव्हेंबरात पिट्सबर्गच्या एका परिषदेत दोघांचीही संशोधनं जाहीर झाली. एकमेकांची कल्पना नसलेली दोन माणसं एकाच दारातून आत यावीत, तसं झालं.

आता खाणीकडे वळू. निओडिमियमला ‘दुर्मीळ मृदा मूलद्रव्य’ म्हणतात, बाजारातल्या भाषेत रेअर अर्थ. पण भूकवचात ते शिशाहून जास्त आहे. अडचण अशी की ते कुठेच घट्ट साचून मिळत नाही, आणि मिळतं तेव्हा चौदा-पंधरा भावंडांच्या घोळक्यात मिळतं. चीनच्या इनर मंगोलियातली बायान ओबो ही जगातली सर्वांत मोठी रेअर अर्थ खाण. तिथल्या खनिजात सगळ्या भावंडांचे ऑक्साइड मिळून सहा टक्क्यांच्या आसपास भरतात. दक्षिण चीनच्या ज्या मातीतून डिस्प्रोसियम आणि टर्बियम ही महागडी मंडळी येतात, तिच्यात तर हजार किलोंमागे एक-दोन किलो मिळाले तरी चांगलं म्हणायचं.

आणि त्या मेलेल्या हार्ड डिस्कमधल्या तुकड्यात? वजनाच्या जवळजवळ तीस टक्के दुर्मीळ मृदा. जगातल्या कुठल्याही खाणीपेक्षा कित्येक पट समृद्ध खनिज, आणि तेही मुलामा चढवून, मोजूनमापून ठेवलेलं. त्यात पंधरा भावंडांचा घोळकाही नाही. निओडिमियम आणि प्रासिओडिमियम, सोबत कधी थोडं डिस्प्रोसियम किंवा टर्बियम, बस्स. खाणीच्या मालाबरोबर येणारं किरणोत्सर्गी थोरियमही नाही.

हे सोपेपण किती मोलाचं आहे, ते समजायला १८८५ मधल्या व्हिएन्नात जावं लागेल. तिथे कार्ल आउअर फोन वेल्सबाख नावाचा रसायनशास्त्रज्ञ ‘डिडिमियम’ नावाच्या, तोवर एकच समजल्या गेलेल्या मूलद्रव्याचे क्षार पुन्हा पुन्हा विरघळवत होता आणि पुन्हा पुन्हा स्फटिक बनवत होता. प्रत्येक फेरीत दोन घटक केसभर वेगळे होत. अशा असंख्य फेऱ्यांनंतर त्याच्या हाती दोन क्षार आले, एक जांभळट आणि एक हिरवा. निओडिमियम आणि प्रासिओडिमियम. या दोघांचे आयन आकाराने जवळजवळ सारखे, रासायनिक वागणं जवळजवळ सारखं. त्यांना वेगळं करायला आजही द्रावकांच्या टाक्यांची शेकडो पायऱ्यांची रांग लागते. गंमत म्हणजे चुंबकाच्या कारखान्यांना ही ताटातूट नकोच असते. चुंबकात प्रासिओडिमियम निओडिमियमच्या बरोबरीने काम करतं, म्हणून बाजारात दोघांचं मिश्रणच विकलं जातं. आउअरने एवढा जीव आटवून जे तोडलं, ते उद्योगाने जोडूनच वापरायचं ठरवलं.

आउअरचं आणखी एक काम आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने रोज पाहिलं आहे. गॅसबत्तीची पांढरीशुभ्र उजळणारी जाळी त्याचीच. कीर्तनाला, तमाशाला, लग्नाच्या मांडवात जी गॅसबत्ती पेटायची, तिच्या जाळीला थोरियम लागे आणि ते मोनाझाइट नावाच्या वाळूतून मिळे. १९०९ मध्ये शोमबर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट आहे. ती वाळू मनवलाकुरिचीच्या किनाऱ्यावरची निघाली. मोनाझाइटमधून हवं होतं ते थोरियम. निओडिमियम आणि त्याची भावंडं हा मागे उरणारा गाळ. त्या गाळाचं काय करायचं म्हणून आउअरनेच त्याआधी, १९०३ मध्ये, त्यातून ठिणगी पाडणारा मिश्रधातू बनवला. सिगारेट लायटरमधला ‘दगड’ म्हणजे तोच. दुर्मीळ मृदांच्या टाकाऊतून टिकाऊ करण्याची ही बहुधा सर्वांत जुनी आणि सर्वांत यशस्वी गोष्ट असावी.

मग आजच्या टाकाऊचं काय होतं? २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला, आणि दुर्मीळ मृदांच्या एकूण मागणीपैकी जेमतेम एक टक्का या कचऱ्यातून भागते. सोनं शोधून काढलं जातं, तांबं सोडलं जात नाही, अ‍ॅल्युमिनियमचा भाव प्रत्येक भंगारवाल्याला तोंडपाठ असतो. चुंबक मात्र निसटतो.

तो निसटतो त्याच्या स्वभावामुळेच. मोठमोठ्या डेटा सेंटरमध्ये जुन्या डिस्क सुरक्षेसाठी श्रेडरमध्ये घालून चिंधड्या करतात. हा चुंबक ठिसूळ असतो. श्रेडरमध्ये त्याचा चुरा होतो, आणि तो चुरा, चुंबकच असल्यामुळे, लोखंडाच्या प्रत्येक तुकड्याला आणि श्रेडरच्या पात्यांनाही चिकटून बसतो. मग लोखंडाबरोबर तो पोलादाच्या भट्टीत जातो. निओडिमियमला ऑक्सिजनची विलक्षण ओढ असते. भट्टीत ते ऑक्साइड बनून मळीत मिसळतं. तीस टक्क्यांचं खनिज मळीत असं पातळ झालं, की ते परत काढण्याचा विचारही कुणी करत नाही. अणू शिल्लक असतो, पण आपल्यापुरता हरवलेला असतो.

२०१० च्या सप्टेंबरात सेनकाकू बेटांजवळच्या वादानंतर चीनकडून जपानला येणारा दुर्मीळ मृदांचा पुरवठा अडला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात हिताची कंपनीने एक यंत्र जाहीर केलं. मोठ्या पिंपात हार्ड डिस्क टाकायच्या आणि पिंप गरागरा फिरवायचं. आपटून आपटून स्क्रू ढिले होतात, डिस्कचे भाग सुटे होतात आणि मग माणसं चुंबक वेचून घेतात. हाताने एका कामगाराला तासाला डझनभर डिस्क उघडता येत, यंत्राने शंभराच्या घरात. पुढे २०११ मध्ये भाव आभाळाला भिडले आणि नंतर उतरले. भावाबरोबर जगभरातल्या अशा प्रयोगांतला उत्साहही उतरला. या क्षेत्राचा हा जुनाच रोग आहे. टंचाई आली की सगळ्यांना भंगार आठवतं, स्वस्ताई आली की खाण.

सुदैवाने बर्मिंगहॅम विद्यापीठातली मंडळी स्वस्ताईतही काम करत राहिली, आणि त्यांची पद्धत मला या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. तिथले धातुशास्त्रज्ञ रेक्स हॅरिस अनेक वर्षं धातूंत हायड्रोजन शिरला की काय होतं, याचा अभ्यास करत होते. १९८० च्या दशकात त्यांनी निओडिमियमच्या मिश्रधातूवर हायड्रोजन सोडून पाहिला. कळीच्या चुन्यावर पाणी घातलं की तो तापतो, फुगतो आणि हातोडा न लावता आपोआप भुगा होऊन बसतो. अगदी तेच या कठीण धातूचं झालं.

आत घडतं ते असं. चुंबक हा काही मायक्रॉन आकाराच्या स्फटिककणांचा बनलेला असतो, आणि कणांमधल्या फटींत निओडिमियमने गच्च भरलेला एक पातळ थर असतो. हायड्रोजन आधी या थरात घुसतो. तिथे निओडिमियम हायड्राइड बनतं, उष्णता सुटते, थर फुगतो आणि कण एकमेकांपासून सुटू लागतात. मग हायड्रोजन खुद्द कणांत शिरतो आणि तेही जवळजवळ पाच टक्क्यांनी फुगतात. ताण सहन न होऊन सगळं तडकतं. हे सारं साध्या खोलीच्या तापमानाला, वातावरणाच्या दुप्पट-तिप्पट दाबात, काही तासांत. भट्टी नाही, आम्ल नाही.

खरी करामत पुढेच आहे. हायड्रोजन शिरलेल्या भुकटीला चुंबकत्व धरून ठेवता येत नाही. निओडिमियमने लावलेली शिस्त तात्पुरती सुटते. म्हणजे जी भुकटी श्रेडरमध्ये सगळ्यांना चिकटून बसली असती, ती इथे पोलादावरून निमूट गळून पडते. तिचा निकेलचा मुलामा मात्र हायड्रोजनला दाद देत नाही. तो पापुद्र्यांसारखा सुटतो आणि चाळणीत अडकतो. पोलाद, तांबं, अ‍ॅल्युमिनियम यांना हायड्रोजन शिवतही नाही. त्यामुळे सगळी डिस्क खोलून चुंबक बाहेर काढायची गरजच उरत नाही. डिस्कचा चुंबक असलेला कोपरा कापायचा, वायू आत पोहोचेल एवढी वाट करून द्यायची आणि तो तुकडा फिरत्या पात्रात ठेवायचा. भुकटी खाली, बाकी सगळं वर. नंतर भुकटी निर्वातात तापवली की हायड्रोजन निघून जातो. याच पद्धतीवर हॅरिस, अ‍ॅलन वॉल्टन आणि सहकाऱ्यांनी हायप्रोमॅग ही कंपनी काढली.

विशेष म्हणजे नवे चुंबक बनवणारे कारखानेही मिश्रधातूची पहिली फोड हायड्रोजननेच करतात. म्हणजे जन्म देणारी आणि मोडणारी क्रिया एकच. म्हणूनच मोडलेल्या चुंबकाची भुकटी थेट नव्या चुंबकाच्या रांगेत उभी करता येते. ती आणखी बारीक दळायची, जोरदार चुंबकीय क्षेत्रात सगळे कण एका दिशेला वळवून दाबायची, हजार अंशांच्या वर भाजायची आणि शेवटी विद्युत झटक्याने चुंबकत्व द्यायचं. ना द्रावकांच्या टाक्या, ना शेकडो पायऱ्या.

अर्थात फुकट काही मिळत नाही. प्रत्येक फेरीत निओडिमियम थोडा ऑक्सिजन ओढून घेतं आणि कणांमधला तो मोलाचा थर थोडा निकामी होतो. बर्मिंगहॅमच्याच संशोधकांनी दाखवलं, की दर फेरीला सुमारे एक टक्का ताजं निओडिमियम हायड्राइड मिसळलं, तर चार फेऱ्यांपर्यंत चुंबकाचे गुण टिकतात. दुसरी अडचण मिसळीची. डिस्कमधल्या चुंबकात डिस्प्रोसियम नसल्यातच जमा असतं. मोटारीच्या इंजिनाजागी बसलेल्या मोटरला दीडशे अंशांवरही शक्ती टिकवायची असते, म्हणून तिच्या चुंबकात ते घालतात. दोन्हींची भुकटी एकत्र झाली तर कुणाच्याच कामाची राहत नाही. शिवाय मोटरच्या रोटरमध्ये चुंबक पोलादाच्या खाचांत रेझिनने चिकटवून बंद केलेले असतात. बनवणाऱ्याने ते कधी काळी काढावे लागतील, असा विचारच केलेला नसतो. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने मोटारी, वॉशिंग मशीन, पवनचक्क्या अशा वस्तूंवर आत कुठल्या प्रकारचा चुंबक आहे हे लिहिण्याचं बंधन आणायचं ठरवलं आहे. एवढीशी चिठ्ठी, पण माझ्या मते ती एखाद्या नव्या खाणीइतकी कामाची आहे.

आणि ज्यांचा चुरा आधीच झाला, त्यांच्यासाठी रसायनशास्त्र आहे. अमेरिकेतल्या एम्स प्रयोगशाळेत इकेना न्लेबेडिम यांच्या गटाने श्रेडरमधून आलेला सरमिसळ चुरा तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात टाकला. तांब्याचे आयन निओडिमियमकडून आणि लोखंडाकडून इलेक्ट्रॉन हिसकावतात. ते दोघे विरघळतात, तांबं मात्र धातू होऊन खाली बसतं. मग ऑक्झलेट घालून फक्त दुर्मीळ मृदा साक्याच्या रूपात वेगळ्या काढायच्या आणि भाजून ऑक्साइड करायचा. तीव्र आम्लांची गरज नाही. २०२५ मध्ये वेस्टर्न डिजिटल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी अमेरिकेतल्या डेटा सेंटरमधल्या सुमारे २३ टन डिस्कच्या चुऱ्यावर ही आम्लाविनाची पद्धत वापरून दाखवली.

आपल्याकडे चित्र विचित्र आहे. मोनाझाइटचा किनारा आपला. १९५० मध्ये स्थापन झालेली सरकारी कंपनी आयआरईएल ती वाळू उपसते, अलुवाला दुर्मीळ मृदा वेगळ्या करते. २०२३ मध्ये विशाखापट्टणमला तिचा समॅरियम-कोबाल्ट चुंबकांचा छोटा प्रकल्पही सुरू झाला. पण निओडिमियमचे भाजलेले चुंबक मोठ्या प्रमाणावर बनवणारा कारखाना २०२५ पर्यंत देशात उभा राहिला नव्हता. ते बहुतांश चीनमधून येत. त्यामुळे ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मीळ मृदा आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा त्याची झळ थेट पुण्यापर्यंत पोहोचली. बजाज ऑटोला त्या जुलैत इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन कमी करावं लागलं.

त्यानंतर हालचाली वेगाने झाल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्चक्रणासाठी १,५०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली. नोव्हेंबरात वर्षाला ६,००० टन चुंबक देशात बनवण्यासाठी ७,२८० कोटींची. दोन्हींचं स्वागतच आहे. पण कारखाना उभा करणं आणि भंगारातून चुंबक त्याच्या दारापर्यंत आणणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं जास्त किचकट आहे. तिथे शास्त्रज्ञापेक्षा स्क्रू-ड्रायव्हर हातात धरलेल्या माणसाची गरज आहे. असे हात कुर्ल्याच्या भंगार बाजारात आणि दिल्लीच्या सीलमपूरला हजारोंनी आहेत. त्यांना तांब्याचा दर कळतो, कारण कुणीतरी तो देतं. चुंबकाचा दर देणारं अजून फारसं कुणी नाही.

याला थोडं सरकारी कारणही आहे. २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार कंपन्यांना पुनर्चक्रणाची प्रमाणपत्रं दाखवावी लागतात. ही प्रमाणपत्रं सुरुवातीला सोनं, तांबं, अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड या चार धातूंसाठीच दिली जाऊ लागली. या हिशेबात चुंबक लोखंडात जमा होतो, मळीत जातो आणि कागदावर सगळं ठीकठाक दिसतं. निओडिमियमचं नाव या यादीत आलं, तर त्याला भाव येईल. तोवर आपल्या हाती एवढंच आहे: घरातल्या जुन्या डिस्कवर हातोडा घालू नका. चालू डिस्कमधला डेटा पुसायला सॉफ्टवेअर पुरतं. डिस्क सबंधच्या सबंध नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या, आणि देताना त्यांना विचारा, यातल्या चुंबकाचं तुम्ही काय करता?